रुंद चाकांची जीप आणि बोळिंजची पिवळी भिंत

आमच्या जीपची चाकं तिच्या अंगापेक्षा रुंद आहेत. समोरून पाहिलं तर दोन्ही बाजूंना चांगली चार बोटं टायर मडगार्डच्या बाहेर आलेले दिसतात. हे शोभेसाठी केलेलं नाही. माझा मामा अर्नाळ्याला राहतो. होडी किनाऱ्यावर ओढून घ्यायला त्याने ही जुनी जीप घेतली आणि वाळूत रुतू नये म्हणून तिला जाड खाचांचे टायर घातले. पुढे त्याने ट्रॅक्टर घेतला आणि जीप पाचूबंदरला आमच्या दारात आली. बाबा तिने अजूनही आमची होडी ओढतात. आणि रविवारी, माझ्या सुट्टीच्या दिवशी, मी तिच्यातून आईला आणि आईच्या मासळीला बोळिंजला घेऊन जाते.

आई बोळिंजला जाते ती तिथे इमारती नव्हत्या तेव्हापासून. तेव्हा तिकडे भाताची शेतं होती, केळीच्या वाड्या होत्या आणि आई डोक्यावर पाटी घेऊन बांधावरून घरोघरी फिरत होती. मग शेतं गेली आणि सोसायट्या उभ्या राहिल्या. तिची जुनी गिऱ्हाइकं त्यातल्याच एका मोठ्या सोसायटीत राहायला गेली, तशी आईही पाटी घेऊन त्यांच्यामागे फाटकातून आत गेली. पाण्याच्या टाकीच्या सावलीत तिची जागा ठरली. कोणी दिली नाही, कोणी हरकतही घेतली नाही.

मी आमच्या घरातली पहिली पदवीधर. मी बी.एस्सी. झाले ती बातमी पाचूबंदरच्या आधी त्या टाकीपाशी कळली, कारण मी फोन केला तेव्हा आई तिथेच बसली होती. तिने मोठ्याने सगळ्यांना सांगितलं आणि त्या दिवशी प्रत्येक वाट्यावर एकेक बोंबील जास्त टाकला. तिथल्या काही बायका मला अजून ‘बोंबील वाढवलेली मुलगी’ म्हणतात. मला ते फार आवडतं. आता मी बोईसरला एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत काम करते. माझ्या शिक्षणाबद्दल मला ज्यांचे आभार मानायचे आहेत त्यांच्यात ती टाकी आणि तिची सावलीसुद्धा आहे.

गेल्या दोन-तीन वर्षांत आईचे गुडघे गेले. फाटकापासून टाकीपर्यंत चढ आहे, आणि पाटीबरोबर बर्फाची पेटीही असते. म्हणून मी जीप थेट टाकीपाशी नेऊ लागले. मागचा फळका खाली पाडला की तेच आईचं दुकान. ती त्यावर पाय सोडून बसते, शेजारी पाटी, मांडीवर सुरी. खाली उकिडवं बसायला नको, उठताना कोणाचा हात धरायला नको. ‘आता मी वरून बघते सगल्यांना,’ असं ती एकदा म्हणाली आणि लाजली.

नारळी पौर्णिमेनंतर होड्या समुद्रात सुटल्या आणि आम्ही पुन्हा बोळिंजला जायला लागलो. सोसायटीसमोरचा रस्ता पाइपलाइनसाठी खणून ठेवलेला होता आणि फाटकापाशीच चिखलपाण्याचं मोठं डबकं साचलं होतं. फाटकातून आत गेलं की चढाच्या कडेने सोसायटीची लांब भिंत. आम्ही येत नव्हतो त्या दिवसांत तिला नवा पिवळा रंग दिलेला. मी डबक्यातून जीप आत घातली. टायर मडगार्डच्या बाहेर असल्यामुळे त्यांनी उचललेला चिखल अडवायला वर काहीच नव्हतं. फाटकापासून टाकीपर्यंत त्या पिवळ्या भिंतीवर कमरेएवढ्या उंचीचा तपकिरी पट्टा उमटला.

भिंत खराब झाल्याची सोसायटीची तक्रार खरी होती, ते मी तेव्हाही मान्य केलं. मी बादली मागितली आणि भिंत पुसली. पण पुढच्या रविवारी वॉचमनने फाटक उघडलंच नाही. तो आईच्या ओळखीचा, तिच्याकडून मांदेली नेणारा. तो नजर चुकवत म्हणाला, ‘मावशी, सेक्रेटरीसाहेबांना बोलवलंय.’

सेक्रेटरी खाली आले. सभ्य माणूस, आवाज कधी चढवत नाहीत. त्यांनी आधी जीपकडे आणि मग माझ्याकडे पाहिलं.

‘तुम्ही शिकलेल्या दिसता.’

‘हो.’

‘मग ही असली गाडी? रिकामटेकडी पोरं समुद्रावर फिरवतात तसली?’

‘ती समुद्रावर फिरतात. आम्ही समुद्रावर काम करतो.’

‘अहो, एखादी छोटी, पांढरी, साधी गाडी घ्या ना. तुम्हाला काय अशक्य आहे? नाहीतर मावशींनी पहिल्यासारखं चालत यावं. मावशींना आमची हरकत नाही. हरकत गाडीला आहे.’

आई जीपमध्ये बसूनच म्हणाली, ‘म्हंजे माज्या गुडघ्यांना हाय.’

वॉचमन हसला आणि लगेच गंभीर झाला. सेक्रेटरींना ते आवडलं नाही. टायर बदला, असं ते म्हणाले. मी सांगितलं की अरुंद टायर घातले तर जीप वाळूत रुतेल आणि मग होडी ओढायची कशी? ते म्हणाले, तो तुमचा प्रश्न. मग वरच्या गॅलरीतून आईच्या एका जुन्या गिऱ्हाइकाने विचारलं, ‘मावशी, कोळंबी आणलीय का? मी पातेलं घेऊन खाली येते!’ आणि पाठोपाठ आणखी दोघी-तिघी गॅलरीत आल्या. सेक्रेटरींनी वर पाहिलं, मग भिंतीकडे पाहिलं.

‘एक काम करा. पुढच्या रविवारी या. याच डबक्यातून आत या. भिंतीवर एक शिंतोडा जरी आला, तर गाडी कायमची फाटकाबाहेर. कबूल?’

‘कबूल,’ मी म्हणाले. कसं करणार ते मला माहीत नव्हतं. पण आई त्या दिवशी फाटकाबाहेर गटाराच्या कडेला उकिडवी बसली, आणि उठताना तिने वॉचमनचा हात धरला, ते मी पाहिलं. तेवढ्यावर मी कबूल केलेलं निभावणार होते.

चाकाच्या वरच्या कमानीवर बाहेरून बसवायची जाड काळ्या प्लॅस्टिकची झालर मिळते. तिला फ्लेअर म्हणतात. मडगार्ड जिथे संपतं तिथून ती पुढे येते आणि टायरचा बाहेर आलेला भाग झाकते. चार चाकांचे चार. नालासोपाऱ्याच्या एका दुकानात मी गेले, तर दुकानदाराने माझ्या मागे कोणी आहे का ते पाहिलं.

‘भाऊ नाय आला?’

‘भाऊ नाही. जीप आहे. बाहेर उभी आहे.’

तो बाहेर आला, टायरला हात लावून खूश झाला आणि म्हणाला की अगदी याच जीपचे फ्लेअर आता मिळत नाहीत. कुठल्याही गाडीला चालतील असे आहेत, ते जरा कापावे लागतील आणि बॉडीला भोकं पाडून बोल्टने बसवावे लागतील. फिटर गावी गेलाय, पंधरा दिवस थांबा. मी म्हणाले, द्या इकडे, मी बसवते. ‘तुम्ही?’ ‘हो, मी.’ त्याने फ्लेअर बांधून दिले आणि दोरीला गाठ मारता मारता म्हणाला, ‘मधल्या बोल्टपासून सुरू करा आणि दोन्ही बाजूंना जा. टोकापासून सुरू केलंत तर वाकडं बसेल.’ मला हा माणूस शेवटी आवडला.

शनिवारी मी सकाळची पाळी करून दुपारी घरी आले आणि अंगणात जीप धुतली. मासळीचं तेल आणि खारं पाणी पत्र्यावर बसलेलं असतं, ते निघाल्याशिवाय काही चिकटत नाही, काही टिकत नाही. मग फ्लेअर नुसताच कमानीवर धरून पाहायचा, पेन्सिलने कड आखायची, जास्तीचा भाग हॅकसॉ करवतीने कापायचा. बाबा ओट्यावर जाळं विणत बसले होते. मी शेजारच्यांची ड्रिल मशीन आणली, पत्र्यावर भोकाची खूण ठोकली आणि मशीन लावली, तेव्हा त्यांनी जाळं खाली ठेवलं.

‘अगं बाय, तू चांगल्या पत्र्याला भोक पाडतं?’

‘बाबा, भोकाशिवाय बोल्ट कसा जाईल?’

‘कोन सांगतं तुला हे सगलं?’

‘दुकानदाराने सांगितलं. आणि मी डोकं चालवलं.’

‘डोकं चालव. पन भोक पाडशील ते तूच बुजव, आनि आज बुजव. दिवस मावळायच्या आत.’

आमच्याकडे ही होडीची रीत आहे. होडीला भोक पाडलं, मग ते खिळ्यासाठी असो वा दुरुस्तीसाठी, तर ज्याने पाडलं त्यानेच ते त्याच दिवशी बंद करायचं. भोक उघडं ठेवून रात्र जाऊ द्यायची नाही. आजोबांनी बाबांना शिकवलं, बाबांनी मला. मी लहान असताना होडीच्या फळ्यांच्या सांध्यांत सूत ठासायला बाबांबरोबर बसायची. बाहेरचं पाणी आत येता कामा नये, एवढंच आमच्या घरातलं पहिलं शास्त्र. ते मला कुठल्याही पुस्तकाच्या आधी येत होतं.

म्हणून बाबा उठून आले आणि आम्ही दोघं मिळून ते काम करू लागलो. मी भोक पाडायची, कडेला उभे राहिलेले पत्र्याचे कंगोरे कानशीने घासायची, उघड्या पत्र्याला गंजरोधक रंग लावायची. बाबा बोल्ट घालून मागून वॉशर आणि नट धरायचे. दुकानदाराने सांगितल्याप्रमाणे मधून सुरू करून बाहेर गेलो. आई दारातून बघत म्हणाली, ‘नवरी नटतं काय?’ बाबा म्हणाले, ‘नवरीला एवढे बोल्ट लागत नाय.’ चारही फ्लेअर बसले तेव्हा मी पुढची चाकं दोन्हीकडे पूर्ण वळवून पाहिली, कुठे घासत नव्हती. जीप खरोखर रुबाबदार दिसत होती. मी लांब उभी राहून पाहत राहिले.

मग बाबांनी होडीच्या सांध्यांना लावायचा काळा चिकट सीलंट काढला. फ्लेअर आणि पत्रा यांच्यामध्ये बारीक फट होती. बाबांनी ती वरून खालपर्यंत भरली. मला ते योग्यच वाटलं. पाणी आत जाऊ नये. खालच्या टोकाला, जिथे फ्लेअर संपतो आणि चिखल अडवायचा रबरी पडदा लागतो, तिथे बोटभर मोठी फट होती. तीसुद्धा आम्ही भरली. ती तर मीच भरली, अंगठ्याने दाबून दाबून, चारही चाकांना. सूर्य बंदराच्या पलीकडे बुडायच्या आत एकही जागा उघडी राहिली नाही. बाबांनी हात फिरवून पाहिला आणि म्हणाले, ‘आता हिला पान्यात सोड.’

पहाटे खरंच सोडली. ओहोटी होती, होडी लांबवर लागली होती. बाबांनी जीप पाण्यात अर्ध्या चाकापर्यंत नेली, दोर बांधला आणि होडी वर ओढली. मग मासळी उतरली, बर्फ भरला आणि आई आणि मी निघालो. वाटेत प्रत्येक वळणावर खालून खळखळ आवाज येत होता.

‘आत काय बोलतंय?’ आईने विचारलं.

‘बर्फ वितळला असेल.’

‘बर्फ इतकं बोलत नाय.’

मी लक्ष दिलं नाही. माझं सगळं लक्ष त्या पिवळ्या भिंतीकडे लागलं होतं.

फाटकापाशी सेक्रेटरी उभे होते. आणखी दोन कमिटीवाले होते. गॅलऱ्यांमध्ये बायका होत्या, काहींच्या हातात पातेली आधीपासून होती. डबकं होतं तसंच, उलट आठवड्यात मोठं झालेलं. वॉचमनने फाटक पूर्ण उघडलं आणि मला हळूच मान हलवून दाखवली.

मी डबक्यात जीप घातली. सावकाश नाही, नेहमी घालते तशीच. चाकांनी पाणी उचललं, फ्लेअरखाली धाडधाड आवाज झाला आणि आम्ही पलीकडे गेलो. चढावरून टाकीपाशी जाऊन मी ब्रेक दाबला. मागे वळून भिंत पाहिली. पूर्ण भिंत पिवळी. वर कोणीतरी टाळी वाजवली.

आणि त्याच क्षणी खाली भसकन आवाज आला. पुढच्या दोन्ही फ्लेअरच्या कडेवरून पाणी बाहेर पडलं, बादली उपडी करावी तसं. टाकीभोवतीच्या नव्या फरशीवर काळं, खारं पाणी पसरलं. त्याच्याबरोबर वाळू, शेवाळ आणि शिंपल्यांचा चुरा. वास तर आमच्या बंदराचा, पूर्ण अस्सल.

मला तिथे उभ्या उभ्या कळलं काय झालं ते. फ्लेअर आतून पन्हळीसारखा असतो. चाकाने वर फेकलेलं पाणी त्यात अडतं आणि खालच्या टोकाच्या फटीतून जमिनीवर निथळून जातं. ती फट त्यासाठीच असते. आम्ही ती होडीसारखी बंद केली होती. पहाटेपासून समुद्राचं पाणी आम्ही चार वाट्यांमध्ये घेऊन फिरत होतो, आणि वर डबक्याचं पाणी पडल्यावर त्या वाट्या भरून सांडल्या. दुसऱ्या कोणी असं केलं नसतं. पाणी आत येऊ द्यायचं नाही हे ज्यांच्या रक्तात आहे, त्यांनीच ते बाहेर जाण्याची वाट बुजवली.

‘बघा,’ सेक्रेटरी म्हणाले. ते चिडलेले नव्हते, समाधानी होते. ‘मी म्हणत होतो. ही गाडी इथे चालण्यासारखी नाहीच.’

‘बोलणं भिंतीचं झालं होतं,’ मी म्हणाले. ‘भिंत बघा.’

‘आणि फरशी?’

‘फरशी मी धुणार आहे. पण ते आपलं ठरलेलं नव्हतं. भिंतीवर शिंतोडा दाखवा.’

एक कमिटीवाला खरंच भिंतीपाशी जाऊन वाकून पाहू लागला. सेक्रेटरी म्हणाले, ‘शब्दात पकडू नका. शिकलेल्या माणसाने समजून घ्यायला हवं.’

हे वाक्य मी फार ऐकलं आहे. शिकलेल्या माणसाने जीप सोडावी, आईचं मासळी विकणं बंद करावं, बोलणं बदलावं, मागच्या दाराने यावं. शिकून मी काय काय समजून घ्यायचं याची यादी दुसऱ्यांकडेच तयार असते. मी म्हणाले, ‘साहेब, मी शिकले ती याच जागेवरून. समजलं म्हणूनच परत आलेय.’

मी आणखी काही बोलणार तोवर आई फळका धरून खाली उतरली. गुडघ्यांवर हात ठेवून, कोणाचा आधार न घेता. हातात मासळी कापायची सुरी होती. कमिटीवाले एक पाऊल मागे सरले आणि वॉचमनला हसू आवरेना. आई पुढच्या चाकापाशी गेली, खाली बसली, फ्लेअरच्या खालच्या टोकाला बोटाने चाचपलं आणि कोळंबीचा दोरा काढावा तशा सफाईने तो काळा सीलंट कापून ओढून काढला. उरलेलं पाणी धारेने सरळ खाली गेलं. मग पलीकडच्या पुढच्या चाकाचंही तिने तसंच केलं.

‘बाबांना काय सांगू?’ मी विचारलं. रीत मोडत होती.

‘सांग, आयनं कापलं. होडीच्या पोटात मानूस बसतं. हिच्या पोटात कोन बसतंय?’ मग तिने मला सुरी दिली. ‘मागचे दोन तू काप. माजे गुडघे एवढेच.’

मी मागचे दोन कापले. उठले आणि सेक्रेटरींना म्हणाले, ‘पुन्हा बघा.’

‘गरज नाही.’

‘मला आहे.’

मी जीप मागे घेतली, फाटकाबाहेर नेली आणि त्याच डबक्यातून पुन्हा आत आणली. जरा जास्तच जोरात. टाकीपाशी थांबले. चाकांमागून पाणी टपटप खाली पडलं आणि थांबलं. भिंत पिवळीच्या पिवळी. या वेळी टाळी वाजवणाऱ्या बऱ्याच होत्या, कारण त्या आता पातेली घेऊन खालीच आल्या होत्या.

आईने फळका पाडला आणि वर बसली. सेक्रेटरी म्हणत होते, ‘हे मी मीटिंगमध्ये ठेवणार आहे.’

‘ठेवा साहेब,’ आई म्हणाली. ‘पन कोळंबी मीटिंगपर्यंत थांबत नाय. देऊ?’

त्यांनी घेतली नाही. त्यांच्या घरातून थोड्या वेळाने कोणीतरी येऊन घेऊन गेलं.

पाटी रिकामी झाल्यावर मी वॉचमनकडून बादली आणि खराटा घेतला आणि फरशी धुतली. दोघी-तिघींनी ‘राहू दे गं’ म्हटलं. मी राहू दिलं नाही. घाण आमची होती. धुताना मान खाली नव्हती, एवढंच मला माहीत आहे.

घरी आल्यावर बाबांनी कापलेली टोकं पाहिली. बराच वेळ पाहिली. ‘उघडं ठेवलंस,’ ते म्हणाले. मी म्हणाले, हो, आणि असंच ठेवणार. रात्री ते रागातच दार लावून झोपले, पण सकाळी मी कामाला निघाले तेव्हा ते चाकापाशी बसून चौथ्या फ्लेअरच्या टोकाला कानशीने घासत होते. ते टोक मी घाईत वाकडं कापलं होतं. त्यांनी ते सरळ केलं, बोट आत घालून वाट मोकळी आहे का ते पाहिलं, आणि मला हाताने जा म्हटलं.

तो विषय मीटिंगमध्ये गेला की नाही मला कळलं नाही. मी विचारलंही नाही. कारखान्यातले लोक अजून विचारतात, चांगली गाडी कधी घेणार? मी सांगते, घेतलेली आहे. रविवारी आम्ही फाटकापाशी येतो. वॉचमन उघडतो, कारण आम्ही हॉर्न वाजवून थांबत नाही, चाकं त्याच्या दिशेने हळूहळू येतच राहतात. आई टाकीच्या सावलीत फळक्यावर बसते आणि वरून सगळ्यांना बघते. जीपखाली थोडं पाणी टपकतं. ते टपकायलाच हवं.